काडीकीटक ओळखताना या चुका टाळा

यवतेश्वरचा घाट चढून कासकडे जाणारे हौशी निरीक्षक पावसाळ्यात मला ज्या 'काडीकीटकां'ची छायाचित्रे पाठवतात, त्यांतील बरेचसे प्रार्थना कीटक निघतात. प्रार्थना कीटकाच्या वक्षाचा पहिला खंड लांब असतो व पुढचे पाय भक्ष्य पकडणारे, काटेरी असतात. काडीकीटकाचा पहिला खंड आखूड, दुसरा सहसा लांब, आणि आहार निव्वळ पाल्याचा. तळ्यात सापडणारी सडपातळ 'रानात्रा' तर ढेकणांच्या गणातील आहे.

मला सर्वाधिक वैताग आणणारी चूक मात्र पावलाचे खंड मोजण्याची आहे. काडीकीटकांच्या फॅस्माटोडिया या गणात पावलाला पाच खंड असतात. अपवाद उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडील 'टिमेमा'चा, ज्याला तीनच असतात. काही वर्षांपूर्वी ठोसेघरच्या बाजूला सापडलेल्या एका कीटकाच्या मागच्या पावलाला चारच खंड आहेत, हे पाहून साताऱ्यातील एका महाविद्यालयीन तरुणाने नवी प्रजाती सापडल्याचे जाहीर केले. तिचे नावही त्याने ठरवून टाकले होते. उरलेले पाच पाय मोजलेस का, असे मी विचारले, तेव्हा तो गप्प झाला. त्या पाचही पायांना पाच-पाच खंड होते, आणि तो एक पाय इतरांहून आखूड होता. काडीकीटकाचा तुटलेला पाय कात टाकताना पुन्हा उगवतो, पण नव्या पावलाला चारच खंड येतात. म्हणून मी सहाही पाय भिंगाखाली मोजून वहीत लिहितो. केवळ छायाचित्रावरून नाव सांगत नाही, मग समोरच्याला कितीही घाई असो.

बिनपंखी पिल्लाला वेगळी प्रजाती समजू नये. रंगावरूनही निर्णय करू नये.

नर-मादीची गफलत तर तज्ज्ञांचीही झाली आहे. पर्णकीटकांची मादी रुंद व पानासारखी, तर नर सडपातळ आणि उडणारा असतो. पापुआ न्यू गिनीतील 'नॅनोफिलियम' हा पर्णकीटकांचा वंश केवळ नरांवरून ठाऊक होता. मॉन्ट्रियलच्या कीटकसंग्रहालयात 'फिलियम' या दुसऱ्या वंशातील समजल्या जाणाऱ्या मादीची अंडी उबवली, तेव्हा त्यांतून नॅनोफिलियमसारखे नर निघाले आणि 2020 मध्ये दोन्ही एकाच वंशात आले. त्यामुळे मादी हाती लागली, तर मी तिची बियांसारखी दिसणारी अंडी ओलसर मातीवर ठेवतो आणि महिनोन्‌महिने वाट पाहतो.

पर्णकीटक हा स्वतंत्र गणही नव्हे. ते काडीकीटकांच्याच गणातील 'फिलिइडी' हे कुळ आहे.