लाइमच्या औषधाचे २८ दिवस

न्यू जर्सी, कनेटिकट, पेनसिल्व्हेनिया या पट्ट्यातल्या मराठी घरांत लाइमची, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून जंतू शिरून होणाऱ्या आजाराची, खबर बरेचदा गुडघाच देतो. मूल सकाळी लंगडत उठतं, एक गुडघा टम्म फुगलेला असतो, पण सूज दिसते त्या मानाने दुखणं कमी. गोचीड चावलेली कुणाच्या लक्षातच आलेली नसते. मे ते जुलैमधलं तिचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं, त्यामुळे त्यात नवल नाही. मात्र मोठा ताप असेल आणि मूल पाय टेकवायला किंवा गुडघा हलवायलाच तयार नसेल, तर लाइमचा अंदाज बांधत घरी थांबू नका, इमर्जन्सीत जा. सांध्यात पू झाला असेल तर तासांचा हिशोब असतो.

गोचीड चावल्यावर कातडीवर उठणारा नुसता चट्टा असेल तर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक १० दिवस किंवा अमॉक्सिसिलिन १४ दिवस पुरतं. सांध्यात उतरलेल्या लाइमला औषध तोंडावाटे २८ दिवस द्यावं लागतं. आठ वर्षांखालच्या मुलांना इतक्या दिवसांसाठी बहुधा अमॉक्सिसिलिनच देतात.

अमॉक्सिसिलिनचा डोस वजनावर ठरतो: दिवसाला किलोमागे ५० मिलिग्रॅम, तीन भागांत, एका वेळी जास्तीत जास्त ५०० मिलिग्रॅम. इथले काटे पौंडांत असतात, म्हणून आकडा २.२ ने भागा आणि चिठ्ठीवरचं वजन किलोतच आहे ना, हे नजरेखालून घाला. ५३ पौंडांचं मूल म्हणजे २४ किलो. दिवसाला १२०० मिलिग्रॅम, एका वेळी ४००. औषध ५ मिलिलिटरमध्ये ४०० मिलिग्रॅमवालं असेल तर एका वेळी ५ मिलिलिटर, २८ दिवसांचे ४२० मिलिलिटर. तुमचा हिशोब आणि लेबल जुळत नसेल तर पहिला डोस देण्याआधी फोन करा.

आता बाटल्यांचं. पूडीत पाणी घातलं की हे औषध १४ दिवसच टिकतं. १०० मिलिलिटरच्या पाच बाटल्या पहिल्याच दिवशी कालवून आणल्या, तर तिसरी उघडेपर्यंत तिची मुदत संपत आलेली असते. फार्मसीत स्पष्ट सांगा: आता दोनच कालवा, बाकीच्या नंतर नेऊ. तेराव्या दिवसाची आठवण फोनवर लावून ठेवा. बाटली फ्रिजमध्ये ठेवा, दाराच्या कप्प्यात नको, आणि दर वेळी दणकून हलवा. न हलवल्यास वरचं पातळ आधी जातं आणि शेवटच्या दिवसांत तळचा घट्ट साका मुलाच्या पोटात जातो.

मोजायला तोंडाने द्यायची सिरिंज घ्या, घरातला चमचा नको. सिरिंज गालाच्या आत, मागच्या बाजूला टेकवून हळूहळू सोडा. जिभेवर सोडलं की थुंकणं आलंच. अगदीच ऐकत नसेल तर दोन चमचे शिकरणात मिसळून लगेच भरवा. पेलाभर दुधात घालू नका, अर्धं दूध उरलं की किती औषध गेलं ते कुणालाच सांगता येत नाही. दिवसातून तीनदा म्हणजे घड्याळ लावून दर आठ तासांनी नव्हे. सकाळी साडेसहा, शाळेतून आल्यावर तीन, झोपताना नऊ, असं चालतं आणि शाळेच्या नर्सकडे डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म देण्याची कटकट वाचते. डोस चुकला तर आठवल्यावर द्या; पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर सोडा. दुप्पट कधीच नाही.

डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर मराठी घरातली खरी अडचण म्हणजे सकाळचं दूध. दूध, दही, पनीर, लोहाचं टॉनिक, कॅल्शियमची गोळी यांत ते अडकतं आणि अंगी लागत नाही. दोन तासांचं अंतर ठेवा. पोट ढवळू नये म्हणून आधी पोळीभाजी किंवा पोहे द्या. वर पेलाभर पाणी, आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटली तर आतून भाजतं आणि मूल पाणीसुद्धा गिळायला घाबरतं. उन्हात कातडी पटकन भाजते, म्हणून पोहायला जाताना लांब बाह्या आणि सनस्क्रीन. डोकं सतत दुखू लागलं किंवा अंधुक दिसू लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

पहिल्या २४ तासांत ताप, अंगदुखी येऊ शकते. मरणाऱ्या जंतूंमुळे हे होतं, औषध थांबवायचं कारण नाही. गांधी उठणं, ओठ सुजणं, घरघर ही ॲलर्जी. डोस थांबवा, श्वासाला त्रास असेल तर ९११. पातळ शौच दोनचार वेळा चालतं. त्यात रक्त दिसलं किंवा पोटात कळा येऊ लागल्या तर जुलाब थांबवायचं औषध आपल्या मनाने देऊ नका, फोन करा. चक्कर, छातीत धडधड, एका बाजूचा चेहरा पडणं, मान आखडणं, यांतलं काहीही असलं तर औषध चालू असतानाही थेट इमर्जन्सी.

वही ठेवा. त्यात रोजच्या डोसाची खूण, आणि दर रविवारी गुडघ्याचं माप. मुलाला पाठीवर झोपवा, पाय जमेल तितका सरळ, शिवणकामाची टेप वाटीच्या मधोमध गुंडाळा, न आवळता. दोन्ही गुडघे मोजा, फरक लिहा. बरे-वाईट असं मोघम सांगण्यापेक्षा “तीन सेंटिमीटरचा फरक एकावर आला” हे डॉक्टरांना जास्त उपयोगी पडतं.

अठ्ठाविसाव्या दिवशी थोडी सूज उरलेली असेल तर औषध फसलं असं नाही, ती ओसरायला आठवडे, कधी महिने लागतात. सुधारणा अर्धवट असेल तर डॉक्टर थोडं थांबायला किंवा तोंडावाटे दुसरी फेरी घ्यायला सांगतील. सुधारणा फारच कमी असेल तर दोन ते चार आठवडे शिरेतून सेफ्ट्रायअक्झोन हे अँटिबायोटिक. त्यासाठी दंडात नळी बसवली असेल, तर १००.४ फॅरनहाइट ताप म्हणजे नळीतूनच संसर्ग, असं धरून इमर्जन्सीत निघा. एवढं करूनही सूज राहिली तर पुढचा डॉक्टर सांध्यांचा. त्या टप्प्यावर सूज जंतूंमुळे नसून शरीराच्याच प्रतिक्रियेमुळे असते आणि आणखी अँटिबायोटिकने हटत नाही. रक्ताची चाचणी पुन्हा करून “गेला का” पाहू नका, चाचणीत दिसणारी प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं, वर्षानुवर्षं राहतात.

थकवा टिकला की महिनोन्महिने अँटिबायोटिक देणारे दवाखाने सापडतात. अशा लांबलेल्या उपचारांचा फायदा संशोधनात दिसलेला नाही, आणि नळीतून रक्तात जंतू शिरून गंभीर आजारी झालेल्यांची नोंद अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०१७ मध्ये केली आहे. “आणखी किती दिवस आणि कशासाठी” याचं सरळ उत्तर मिळत नसेल तर दुसरं मत घ्या.

सुट्टीत भारतात जायचं असेल तर निदानाचा कागद आणि चाचणीचा अहवाल हातातल्या बॅगेत ठेवा. हा आजार पुण्या-मुंबईच्या बालरोगतज्ज्ञांना क्वचितच भेटतो. तिथे औषध विकत घेताना मिलिलिटर विसरा, मिलिग्रॅम मोजा. तिथला ड्राय सिरप बहुतेकदा ५ मिलिलिटरमध्ये १२५ किंवा २५० मिलिग्रॅमचा असतो. ४०० मिलिग्रॅमसाठी २५०वाला ८ मिलिलिटर लागेल, १२५वाला १६. सवयीने ५ मिलिलिटरच देत राहिलात तर १२५वाल्यात मुलाला डोसाचा तिसरा हिस्सासुद्धा मिळत नाही. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड घातलेली बाटली हातात दिली तर परत करा. ते वेगळं औषध आहे, आणि जुलाब जास्त होतात.