प्राणिसंग्रहालयातील शवविच्छेदन: नमुने घेताना या चुका टाळा

बिबट्या रात्री मेला, डॉक्टर सकाळी येणार, म्हणून शव थेट डीप फ्रीझरमध्ये! सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. गोठताना पेशींत बर्फाचे स्फटिक होतात, पेशी फुटतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली रोगाने काय केले आणि बर्फाने काय, हे वेगळे करणे अवघड होते. शव 4 अंश सेल्सिअसला ठेवा. हत्ती किंवा गव्याचे पोट मात्र आतून बराच वेळ गरमच राहते. तिथे विच्छेदन लांबवू नका.

सुरी लावण्याआधी एक पाहा. हरीण किंवा गवा अचानक मेला आणि नाकातून, गुदद्वारातून न गोठलेले काळसर रक्त आले, तर शव उघडू नका. कानाच्या शिरेतून रक्ताचा स्मिअर (काचपट्टीवर पसरलेला पातळ थर) घ्या. ही काळपुळी (अँथ्रॅक्स) असू शकते. तिचे जंतू हवा लागली की बीजाणू तयार करतात आणि ते मातीत अनेक वर्षे टिकतात.

फॉर्मॅलिनच्या, म्हणजे अवयवांचे तुकडे टिकवणाऱ्या फॉर्मल्डिहाइडच्या द्रावणाच्या चुका तर रोजच्या. बाटलीतले 37 ते 40 टक्क्यांचे द्रावण तसेच ओतले की तुकडा बाहेरून कडक होतो, आत कुजत राहतो. 100 मिली हे द्रावण, 900 मिली डिस्टिल्ड पाणी आणि फॉस्फेटचे क्षार, हे '10 टक्के बफर्ड' (आम्लता स्थिर ठेवलेले) फॉर्मॅलिन. क्षार वगळले तर द्रावण आम्लधर्मी होते आणि रक्ताळ अवयवांत तपकिरी-काळे कण दिसतात. नवख्याला तो रोगच वाटतो. तुकडा 5 मिमीपेक्षा जाड नको, द्रावण त्याच्या दहापट हवे. बरणी रुंद तोंडाचीच घ्या. अरुंद बाटलीत मऊ यकृत जाते, घट्ट झाल्यावर निघत नाही. तुकड्यात रोगट भागाबरोबर शेजारचा निरोगी भागही यावा. आतडी सर्वांत आधी घ्या, कारण त्यांचे अस्तर सर्वांत लवकर नासते. ती पाण्याखाली चोळून धुऊ नका.

सगळेच फॉर्मॅलिनमध्ये टाकले की जंतू मरतात, कल्चर (जंतू वाढवून ओळखणे) होत नाही, पीसीआर ही जंतूंचे जनुकीय द्रव्य शोधणारी चाचणीही बिघडू शकते. म्हणून यकृत, प्लीहा, फुप्फुस, मूत्रपिंड यांचे ताजे तुकडे वेगवेगळ्या निर्जंतुक डब्यांत, बर्फावर. मेंदू उभा चिरून अर्धा ताजा, अर्धा फॉर्मॅलिनमध्ये. रेबीजची नेहमीची तपासणी ताज्या मेंदूवर होते. विषबाधेचा संशय असेल तर पोटातील अन्नही ताजेच. रक्ताच्या काचपट्ट्या फॉर्मॅलिनच्या खोक्यात नकोत, वाफेने त्यांचे रंजन (तपासणीसाठी रंग देणे) बिघडते.

नाव बरणीवर लिहा, झाकणावर नको, झाकणे बदलतात. सोबत वय, लक्षणे, दिलेली औषधे आणि दयामरण दिले असल्यास त्याचे औषधही कळवा.