लाव्हाच्या मुलखात कुत्र्यांसोबत पानगळीची सुट्टी: तयारी कशी करावी

ज्वालामुखीच्या प्रदेशात केबिन घेऊन राहायला पानगळीचे दिवस फार चांगले. गर्दी ओसरलेली असते आणि काळा खडक उन्हाळ्याइतका तापत नाही. पण ही जमीन आपल्यासाठी एक आणि कुत्र्यासाठी दुसरीच असते. तो अनवाणी चालतो आणि त्याचं नाक जमिनीलगत असतं. सगळा बेत या दोन गोष्टी धरून आखा.

१. आधी वाटा, मग केबिन

बहुतेक जण उलटं करतात. केबिनवाला कुत्र्यांना हो म्हणतो आणि तिथे गेल्यावर कळतं, की आसपासच्या वाटांवर त्यांना बंदी आहे. अमेरिकेतल्या लॅसन व्होल्कॅनिक राष्ट्रीय उद्यानात कुत्री रस्ते, वाहनतळ, तंबूच्या जागा अशा ठिकाणी चालतात, पायवाटांवर नाही. तिथल्या राष्ट्रीय वनांमध्ये मात्र बऱ्याच वाटांवर पट्टा लावून नेता येतं. तेव्हा त्या भागाचे नियम आधी वाचा. मग केबिनमालकाला विचारा: किती कुत्री चालतील, कुंपण आहे का, त्यांना आत एकटं ठेवता येतं का, जवळचा पशुवैद्य किती लांब आहे.

२. बुटांची सवय घरीच लावा

लाव्हा दोन तऱ्हांचा. पाहोएहोए गुळगुळीत, दोरखंडासारख्या वळ्यांचा. त्यावर कुत्री बऱ्यापैकी चालतात. आआ मात्र खडबडीत आणि काटेरी, तो पंजाचे तळवे सोलून काढतो. ऑब्सिडियन म्हणजे तर नैसर्गिक काचच, तिच्या कडा सुरीसारख्या. जिथे आआ किंवा ऑब्सिडियन पसरलेला आहे तिथे बूट घालूनही कुत्र्याला नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बारीक खडीच्या वाटांसाठी मात्र बूट हवेतच. निघण्याच्या दोन आठवडे आधीपासून रोज थोडा वेळ घाला. पहिल्या दिवशी तो पाय झटकत विचित्र चालेल. हसून घ्या, पण बूट लगेच काढू नका. बोटांमधले वाढलेले केसही कापा, खडे तिथेच अडकतात.

३. केबिनमध्ये शिरताच

कुत्री गाडीतच ठेवा आणि आधी एकट्याने आत फिरा. थंडी पडू लागली की उंदीर घरात शिरतात, म्हणून अशा केबिनमध्ये उंदरांचं विष ठेवलेलं असू शकतं. पलंगाखाली, सिंकखाली, चुलीमागे बघा. लाकडाची शेगडी असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना, तेही पाहा.

४. वायू आणि गरम पाणी

सगळ्यात गंभीर धोका हाच, आणि तो दिसत नाही. ज्वालामुखीच्या जमिनीतून काही ठिकाणी कार्बन डायऑक्साइड झिरपतो. तो हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्यामुळे वारा पडलेला असला की खळग्यांत साचतो. नेपल्सजवळच्या एका गुहेचं नावच ‘कुत्र्याची गुहा’ पडलं. पूर्वी प्रवाशांना चमत्कार दाखवण्यासाठी तिथे कुत्र्याला नेत. शेजारी उभा माणूस ठीक असे आणि कुत्रं बेशुद्ध पडे. म्हणून खळगे, गुहा आणि झाडं वाळून गेलेले पट्टे टाळा. इशाऱ्याची पाटी दिसली की मागे फिरा.

गरम झऱ्यांजवळ पट्टा आखूड धरा. यलोस्टोनमध्ये १९८१ साली एक कुत्रा उकळत्या कुंडात पडला. त्याला वाचवायला एका तरुणाने उडी घेतली आणि दोघेही गेले. झऱ्याभोवतीचा पापुद्रा वरून टणक दिसतो, पण वजन पेलेलच असं नाही.

५. रोजच्या फिरण्यात

पाणी बरोबर न्या. भेगाळलेल्या लाव्हातून पाऊस थेट खाली मुरतो, त्यामुळे पाऊस चांगला होऊनही मैलोन्‌मैल ओढा लागत नाही. नुसत्या बसलेल्या कुत्र्यालाही दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिली पाणी लागतं. चालणाऱ्या २० किलोच्या कुत्र्यासाठी दोन लिटर ठेवा. तळ्यावर हिरव्या रंगासारखा थर दिसला तर पाण्याला तोंड लावू देऊ नका. त्या शेवाळाने कुत्री दगावतात.

पानगळीत अळंबी उगवतात. विषारी जातींपैकी काहींची लक्षणं दिसायला सहा ते बारा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो, म्हणून खाताना पाहिलंत तर उलटीची वाट न बघता पशुवैद्याला फोन करा. अनेक ठिकाणी याच दिवसांत शिकारीचा हंगाम असतो. कुत्र्याला भडक नारिंगी जाकीट घाला, स्वतःलाही.

६. परतल्यावर पंजे

कोमट पाण्याने पंजे धुवा, पुसा आणि टॉर्च आडवा धरून तळव्यांवर प्रकाश टाका. काचेचा कण चमकतो. वर असेल तर चिमट्याने काढा. खोल रुतला असेल तर ओढू नका, पट्टी बांधून पशुवैद्याकडे न्या. तळवे लाल झाले असतील तर दुसऱ्या दिवशी केबिनभोवतीच फिरवा.