पऱ्हाटीतल्या (कपाशीच्या शेतातल्या) स्लॅशरसाठी घरचं रक्त
कमी पैशांच्या स्लॅशरची, म्हणजे सुऱ्या-कोयत्यानं खून पाडणाऱ्या भयपटाची, खरी मजा हातानं केलेल्या रक्तात आहे. संगणकावरचं रक्त कपड्यात मुरत नाही. 2 वाट्या साखर 1 वाटी पाण्यात उकळून एकतारी पाक करा. लिंबाचे 5-6 थेंब हवेतच, नाहीतर साखर पुन्हा खडे धरते. कोमट झाल्यावर चमचाभर खायचा लाल रंग आणि पाण्यात कालवलेली अर्धा चमचा कोको पावडर घाला. कोकोशिवाय रक्त सरबतासारखं आरपार दिसतं. रंग कॅमेऱ्यातच तपासा: पिवळ्या बल्बखाली नारिंगी वाटला तर निळ्याचा एकच थेंब. धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) रात्रीचं शूटिंग असेल तर बाटली पाणी भरलेल्या परातीत उभी करा, मुंगळे लागतात. सुती सदऱ्यावरचा डाग सहसा जात नाही. प्रत्येक टेकला वेगळा जुना सदरा ठेवा.