शेजारच्या गावचा उंदीर, आपल्या गावचा उंदीर
गहू पोटरीत आला, हरभऱ्याला घाटे धरले. आता रोज सकाळी बांधावरून एक फेरी मारा. फुटवा बुडाशी तिरपा कापलेला, पान अजून हिरवं, म्हणजे रात्री उंदीर येऊन गेला. बिळाच्या तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढीग आणि तोंड आतून बुजवलेलं असेल तर ती लहान घूस समजा. ही ओंब्या बिळात साठवते, म्हणून नुकसान खाण्यापेक्षा मोठं.

पारावर हमखास ऐकू येतं: 'त्या गावात अमक्या वड्यांनी साफ झाले, आपणही त्याच आणू.' आणा, पण मोजून वापरा. वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारं उंदरांचं विष 1950 च्या सुमारास आलं आणि 1958 मध्ये स्कॉटलंडमध्ये ते पचवणारे तपकिरी उंदीर सापडले. हा पचवण्याचा गुण ज्या जनुकातल्या, म्हणजे पिल्लांत उतरणाऱ्या घटकातल्या, बदलाने येतो ते व्हीकेओआरसी-1 जनुक 2004 मध्ये ओळखलं गेलं. गंमत अशी की जनुक एकच, बदल मात्र ठिकाणागणिक निराळा. इंग्लंडच्या हॅम्पशायर-बर्कशायरकडच्या उंदरांत एक, फ्रान्स-बेल्जियमकडच्यांत दुसरा. हॅम्पशायरच्या त्या बदलापुढे ब्रोमॅडिओलोन हे त्याच जातीचं नंतरचं, जास्त जहाल औषधसुद्धा कमी पडतं. आपली घूस जातीने वेगळी, पण या औषधाचं काम तिच्याही अंगात तेच: रक्त गोठू न देणं. तेच औषध वर्षानुवर्षं टाकलं तर पचवणारे उरतात आणि पिल्लं त्यांचीच होतात.

त्या गावात चाललेलं औषध आपल्याकडे चालतंय का हे आकड्यानेच कळतं, म्हणून आधी मोजणी. संध्याकाळी सगळी बिळं मातीने बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील ती जिवंत. आकडा वहीत लिहा. पुढचे दोन दिवस त्यांत नुसता तेल लावलेला भरडा टाका, कारण उंदीर नव्या खाण्याला आधी बिचकतो. मग 960 ग्रॅम भरडा, 20 ग्रॅम गोडेतेल, 20 ग्रॅम झिंक फॉस्फाइड (हे लगेच मारणारं, निराळ्या जातीचं विष) काठीने कालवून कागदाच्या पुडीत दहा-दहा ग्रॅम बिळात खोल सारा आणि तोंड बुजवा. मेलेले दुसऱ्या सकाळी गोळा करून पुरा.

आठवड्याने पुन्हा बिळं बुजवून मोजा. उरलेल्यांना झिंक फॉस्फाइड पुन्हा देऊ नका, एकदा पोट दुखलेला उंदीर त्याला तोंड लावत नाही. तिथे ब्रोमॅडिओलोनच्या वड्या टाका. परिणाम दिसायला चार-सात दिवस जातात, घाईने दुप्पट टाकू नका. त्यानंतरही वड्या खाल्ल्या जात असतील आणि चाळीस बिळांतली पंचवीस जिवंतच असतील, तर औषध वाढवू नका, कृषी सहायकाला वही दाखवा. तोवर बीळ खणणं, पिंजरे, बांधावरचं गवत काढणं चालू ठेवा. हे पाटाच्या दोन्ही अंगांच्या शेतकऱ्यांनी एकाच आठवड्यात केलं तरच टिकतं, नाहीतर रिकाम्या बिळांत पलीकडचे येऊन बसतात.

औषध कालवताना हातमोजे, तोंडाला फडकं. झिंक फॉस्फाइड ओलं करू नका, विषारी वायू सुटतो. त्याला उतारा नाही. ब्रोमॅडिओलोनला जीवनसत्त्व के-1 आहे. कुणाच्या पोटात गेलं तर वेष्टन सोबत घेऊनच दवाखाना गाठा.