ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात लॅपटॉपची हार्ड डिस्क कशी जपावी

मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा 45 अंशांना टेकतो आणि शहरातल्या लश्कर या भागातल्या माडीवरच्या खोल्या रात्रीही निवत नाहीत. अशा खोलीत जुन्या लॅपटॉपमधली 2.5 इंची हार्ड डिस्क किती तापते, याचा अंदाज बांधत बसू नका, मोजा. पण त्याआधी बॅकअप घ्या. हे काम उद्यावर टाकू नका.

विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम टाका. लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्स आहे. अर्धा तास नेहमीचे काम करा, मग डिस्कचे तापमान आणि त्याच वेळचे खोलीचे तापमान, दोन्ही लिहून ठेवा. आठवडाभर असे करा. नुसत्या डिस्कच्या आकड्यापेक्षा या दोहोंतला फरक जास्त सांगतो. फरक साधारण 10 ते 15 अंश असेल तर ठीक. तेवढ्याच कामाला तो 20 च्या पुढे जाऊ लागला, तर आत हवा कोंडते आहे.

बहुतेक लॅपटॉप डिस्कची चालू असतानाची कमाल मर्यादा 60 अंश असते. 50 पर्यंत घाबरू नका, 55 दिसले की मोठी कॉपी थांबवा. गूगलने 2007 मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मध्यम तापमानात उष्णतेचा आणि बिघाडाचा फारसा संबंध दिसला नाही; फार तापलेल्या आणि तीन-चार वर्षे जुन्या डिस्कमध्ये मात्र तो दिसला. म्हणून जुन्या लॅपटॉपकडे जास्त लक्ष द्या. डिस्कमधली फिरती तबकडी आणि तिच्यावरची माहिती वाचणारे हेड यांच्यात काही नॅनोमीटरचेच अंतर असते, आणि उष्णतेने बेअरिंगमधले तेलही पातळ होते.

गादी-उशीवर लॅपटॉप ठेवू नका. खालची जाळी बुजते. मागचे दोन कोपरे बोटभर उचलून ठेवा. जाळी साफ करताना लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा. हवा मारताना पंख्याची पाती काडीने अडवून धरा, नाहीतर ती भरमसाट वेगाने फिरून बेअरिंग बिघडते. डिस्कच्या झाकणावरचे बारीक छिद्र टेपने बंद करू नका. आतला-बाहेरचा हवेचा दाब त्यातूनच सारखा राहतो.

कूलरने खोली जरूर थंड करा, पण लॅपटॉप त्याच्या तोंडाशी नको, तुषार आत जातात. उन्हातल्या स्कूटरच्या डिकीतून आणलेला लॅपटॉप अर्धा तास निवू द्या, मगच चालू करा.

डिस्क बदलायची की नाही, हे तापमानावर ठरवू नका. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये 05, सी5 आणि सी6 या डिस्कवरच्या खराब जागा मोजणाऱ्या ओळींची रॉ व्हॅल्यू, म्हणजे मूळ आकडा, पाहा. ती शून्य हवी. आकडा दर आठवड्याला वाढत असेल, तर साफसफाईने ती डिस्क वाचणार नाही. तिच्या जागी साटा जोडणीची एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, घ्या. तिची जाडी बहुधा 7 मिलिमीटर असते. जुनी डिस्क 9.5 ची असेल तर सोबत प्लास्टिकची चौकट मागून घ्या, म्हणजे एसएसडी जागेवर हलणार नाही.