धबधब्यापाशी कॅमेरा कमी, रुमाल जास्त

आषाढी झाली की लग्नाच्या फोटोग्राफरला तुळशीच्या लग्नापर्यंत फारसं काम नसतं. मी जळगावचा. त्या रिकाम्या महिन्यांत धबधब्यांचे फोटो काढायला लागलो. पहिली खेप यावल तालुक्यातल्या मनुदेवीची. देवळाशेजारी कड्यावरून धार कोसळत होती, सगळीकडे पांढरं, उजेड बेताचा. लग्नातल्या सवयीने मी फ्लॅश लावला. घरी येऊन पाहतो तर धबधबा राहिला बाजूला, फोटोभर पांढरे गोल ठिपके. कुणी अक्षता टाकल्यासारखे. फ्लॅशचा उजेड कड्यापर्यंत जातच नाही, भिंगासमोरच्या तुषारांवर आपटून परत येतो. तेव्हापासून फ्लॅश घरीच.

त्याच दिवशी दुसरी फजिती झाली. जाताना गाडीत एसी सुरू होता. उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढला आणि थंडगार काचेवर बाहेरची दमट हवा बसली. पुसलं की परत धुरकट. आता मी पोचायच्या अर्धा तास आधी एसी बंद करून काचा खाली करतो आणि कॅमेरा थोडा वेळ बॅगेतच ठेवतो.

नवीन मुलं विचारतात, लेन्स कोणती घेऊ? मी विचारतो, रुमाल किती आणलेत? चार-पाच मायक्रोफायबर रुमाल, तेही प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून. एक भिजला की तो फक्त पाणी फासतो, पुसत नाही. कॅमेऱ्याला जाड पिशवी घालायची, तिचं तोंड लेन्सहूडभोवती (भिंगापुढच्या कडीभोवती) रबराने आवळायचं. आमच्याकडे केळीच्या घडांना घालायच्या पिशव्या कुठेही मिळतात, मी त्याही वापरून पाहिल्या. त्यांना हवा खेळावी म्हणून भोकं असतात. पाणीही छान खेळतं!

भिंगाचं तोंड कायम खाली. ट्रायपॉड लावा, फ्रेम ठरवा, मग रुमाल काचेवरच धरून ठेवा. तुषार वाऱ्याबरोबर येतात आणि वाऱ्याबरोबरच ओसरतात. झुळूक थांबली की रुमाल काढा, दोन-तीन फोटो घ्या, परत झाका. जमत असेल तर सरळ मागे सरका आणि 70-200 ही लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स लावा. तुषारांच्या टप्प्याबाहेरून काच कोरडी राहते, शिवाय कडा अंगावर आल्यासारखा दिसतो. धबधब्याच्या पायथ्याशी वाइड लेन्स घेऊन उभं राहण्याची हौस सगळ्यांनाच असते; ती एकदा भागवून घ्या.

धुक्यात कॅमेऱ्याचा मीटर फसतो. समोर एवढं पांढरं बघून त्याला वाटतं उजेड फार आहे, आणि फोटो मळकट राखाडी येतो. मी एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, +0.7 ते +1 वाढवतो, मात्र हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघत. धारेचा पांढरा भाग एकदा जळाला, म्हणजे नुसता कोरा पांढरा झाला, की रॉ फाइलमधूनही (कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमधूनही) परत येत नाही. धुक्यात ऑटोफोकसही चाचपडतो. त्याला काळ्या खडकाची ओली कड किंवा झाडाचं खोड दाखवा, फोकस बसला की मॅन्युअलवर टाका.

शटरबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. 1 सेकंद ठेवला की पाण्याचं दूध होतं, आणि इंटरनेटवर दूधच खपतं. पण भर श्रावणात पाणी एवढं असतं की त्या दुधाचा नुसता पांढरा पडदा होतो. मला 1/4 ते 1/8 सेकंद बरा वाटतो, धारेचे पदर वेगळे दिसतात. सप्टेंबरात धार बारीक झाली की खुशाल 1 सेकंद लावा. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100, एफ/11 एवढं छिद्र आणि पोलरायझर ही चमक कापणारी फिरती काच, एवढ्यात ढगाळ दिवशी साधारण 1/4 मिळतो, उजेड कमी करणारा काळा एनडी फिल्टर लागतच नाही. शटर लांबवायला छिद्र आणखी बारीक करून एफ/22 वर जाऊ नका, फोटो मऊ पडतो. पोलरायझरचं खरं काम मात्र ओल्या पानांवरची आणि खडकांवरची चमक उतरवणं. तो फिरवताना व्ह्यूफाइंडरमध्ये बघा. पानं एकदम हिरवी होतात ती जागा लगेच कळते.

आपल्याकडचे धबधबे पावसावरच जगतात, म्हणून जोराच्या पावसात गेलात तर पाणी चहासारखं मिळेल. पाऊस उघडल्यावर एक-दोन दिवसांनी जा, धार पांढरी असते. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या केदारकुंड धबधब्याकडे गेलो होतो तेव्हा धार अशीच स्वच्छ होती. ट्रायपॉड काठावरच्या सपाट खडकावर लावला होता. बरोबरचा वाटाड्या माझ्याकडे न बघता पाण्याकडे बघत होता. म्हणाला, "पानी दखा भाऊ, गढूळ व्हई गयं. वरे पडी ऱ्हायनं. चाला आते." वर डोंगरात पाऊस पडतोय असं त्याचं म्हणणं, आमच्या डोक्यावर एक थेंब नव्हता. मी म्हटलं, दोनच फोटो. त्याने उत्तर न देता ट्रायपॉड उचलला आणि चालू लागला. पंधरा मिनिटांनी वरून वळून पाहिलं, तो खडक पाण्याखाली गेला होता, दिसत नव्हता. तेव्हापासून पाण्याचा रंग बदलला, पाचोळा किंवा काटक्या वाहत आल्या की मी फ्रेम अर्धी सोडतो.

नंदुरबारकडच्या तोरणमाळचं तंत्र निराळं. सीताखाईच्या काठावर उभं राहिलात तर कधी कधी दरीच नसते, नुसती पांढरी भिंत. लोक दहा मिनिटं थांबून मक्याचं कणीस खायला जातात. तुम्ही जाऊ नका. धुकं फाटतं ते दोन-तीन मिनिटांपुरतं, तेव्हा फ्रेम, फोकस, सगळं आधीच बसलेलं हवं. आणि पूर्ण उघडायची वाट बघू नका. अर्धवट धुक्यात पुढचं झाड काळं, मागचा कडा राखाडी, त्यामागे धार जेमतेम, असे थर पडतात ते उघड्या हवेत मिळत नाहीत. कठड्याशी छत्री घेतलेलं कुणी उभं असेल तर त्याला फ्रेममध्ये राहू द्या, खोली कळते.

घरी आलात की कितीही दमलेले असा, बॅग रिकामी करा. मी एकदा तशीच कोपऱ्यात टाकून झोपलो, आणि दुसऱ्याच दिवशी एक साखरपुडा आला म्हणून ती लेन्स महिनाभर ओल्या बॅगेतच राहिली. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. दुरुस्तीवाल्याने काच उजेडासमोर धरून मलाच दाखवली आणि म्हणाला, साफ करून देतो, पण काचेवरचा लेप (कोटिंग) बुरशीने खाल्लाय, ते डाग जायचे नाहीत. आता सगळं पंख्याखाली वाळवतो, मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर. तांदळात ठेवू नका, पीठ बारीकसारीक फटींत जातं.